फटफटीला टेकू

रविवारी सकाळी दहा वाजता भगवानची फटफटी त्याच्या बापाच्या बैलांबरोबर पळणार होती, आणि शुक्रवारची दुपार झाली तरी तिच्या पोटातून ऑइल गळायचं थांबलं नव्हतं. पनवेलच्या बंदराजवळच्या आळीत, घरासमोरच्या अंगणात, भगवान जमिनीला गाल लावून फटफटीच्या खाली बघत होता. गळणारा नट त्याला स्वच्छ दिसत होता. पण तिथे हात जात नव्हता, पाना तर त्याहून जात नव्हता, आणि मान वाकडी करून करून आता त्याला सगळं पनवेलच तिरकं दिसू लागलं होतं.

या फटफटीला सगळं होतं, फक्त स्टॅण्ड नव्हता. लढाई संपल्यावर लष्कराने जुना माल विकायला काढला तेव्हा भगवानने ती घेतली. तिचा स्टॅण्ड कुठल्याशा रणांगणावर राहिला असावा. त्यामुळे गेली पाच वर्षं ती अंगणातल्या पेरूला टेकून उभी राहायची. आता झाडाला टेकलेल्या फटफटीच्या पोटाखाली शिरायचं कसं?

"डेपोत एक लिफ्ट व्हती, आई," भगवान म्हणाला. लढाईच्या दिवसांत दोन वर्षं तो लष्करी डेपोत कामाला होता आणि तिथली लिफ्ट त्याला अजून स्वप्नात दिसे. "लोखंडाचा भलामोठा पाट. त्याच्यावर गाडी चढवायची, पायानं दांडा दाबायचा, की गाडी चालली वर. छातीपर्यंत! आपण खुर्चीवर बसून काम करायचं. खुर्चीवर!"

"खुर्ची हाय आपल्याकडं," सोनाबाई म्हणाली. "आता लिफ्ट तेवढी बग."

पैज लागली होती ती भगवानच्याच तोंडामुळे. त्याचा बाप बुधाजी म्हणजे पाखऱ्या आणि मोगऱ्या या बैलजोडीचा मालक. छकड्याच्या शर्यतीत त्या जोडीपुढे आजूबाजूच्या गावांतली एक जोडी टिकत नव्हती. बुधाजी रोज सकाळी दोघांना खाडीत घालून पोहवायचा, मग अंग चोळायचा, आणि मग कुठे स्वतः चहा घ्यायचा. फटफटीकडे तो ढुंकूनही बघत नसे.

"जनावर कसं पायजे?" तो म्हणे. "चिखलात घातलं तर निघालं पायजे, पाण्यात घातलं तर पोहलं पायजे. तुजं हे लोखंड डबकं बगून खोकतं. इकून टाक."

एकदा हे त्याने भर बाजारात ऐकवलं आणि भगवानचा तोल सुटला. "तुज्या बैलांच्या फुडं काढून दावीन, बाबा! त्याच चिखलात!" म्हणाला. शेजारी ओवे गावचे तुळशीरामशेठ उभे होते. त्यांच्या म्हशी रोज खाडी पोहून पलीकडे चरायला जात, आणि शेठना पैजेचा वास एका कोसावरून येई. त्यांनी तिथल्या तिथे पंच होऊन अटी सांगून टाकल्या. खाडीकाठच्या माळावर दोन फर्लांग. काठावर निशाण. जो निशाणाला आधी शिवेल तो जिंकला. फटफटी हरली तर भंगारवाल्याला द्यायची. बैल हरले तर बुधाजीने फटफटीच्या मागच्या सीटवर बसून सगळा बाजार फिरायचा. या सीटवर मेलो तरी बसणार नाही, असं बुधाजी पाच वर्षं सांगत आला होता.

म्हणून नट आवळला जायलाच हवा होता. ऑइल नाही तर इंजिन नाही, आणि इंजिन नाही तर भंगार. भगवान उठला आणि टेकू शोधायला लागला.

पहिली नजर गेली उखळावर. उखळ पालथं घातलं, दोन शेजारी बोलावले, आणि तिघांनी मिळून फटफटी उचलून तिचं पोट उखळावर टेकवलं. दोन्ही चाकं जमिनीवरून उठली. भगवानने आनंदाने टाळी वाजवली.

"अंडी उबवायला बसवलीस काय?" ओटीवरून बुधाजी म्हणाला.

भगवानने पाना लावला, जोर केला, आणि फटफटीने उखळावर डौलात अर्धी गिरकी घेतली. पुढचं चाक घडवंचीवरच्या मडक्यांना लागलं आणि त्यांतली तीन फुटली. सोनाबाईने उखळ उचललं आणि आत नेऊन ठेवलं. दारातून तिने विचारलं, "सांजच्याला भात फटफटीत कांडू काय?"

बुधाजीला आता राहवेना. शर्यत शर्यतीच्या ठिकाणी, पण अडलेल्याला नाही म्हणणारा तो माणूस नव्हता. "बैलाला नाल मारताना काय करतात?" तो दोर घेऊन खाली उतरला. "पाडतात! उचलायचं कशाला?" त्याने दोन्ही चाकांना सफाईने फास टाकला, एक हिसका दिला, आणि फटफटी अल्लद आडवी झाली. मग सवयीने तो तिच्या मानेवर, म्हणजे हँडलवर, जाऊन बसला, उठून पळू नये म्हणून. "आवळ आता. केवडं गरीब जनावर हाय, लाथबी मारत नाय."

लाथ मारली नाही, पण टाकीतलं निम्मं पेट्रोल अंगणात सांडलं. बुधाजीची विडी विझलेली होती म्हणून ही गोष्ट पुढे सांगता येतेय.

शनिवारी चिंचेच्या फांदीवर प्रयोग झाला. फांदीला दोर, दोराला फटफटी. अगदी छातीपर्यंत आली. भगवानचा आनंद गगनात मावेना. त्याने खरोखरच आतून खुर्ची आणली, तिच्यावर बसला आणि पाना लावला. पण नट जागच्या जागी राही आणि सगळी फटफटीच त्याच्याभोवती फिरे. उजवीकडे आवळावं तर फटफटी उजवीकडे. सोडावं तर दोराचा पीळ सुटून तीच फटफटी डावीकडे. दुसऱ्या फेरीत मागच्या चाकाने भगवानला खुर्चीसकट ढकलून दिलं. आळीतली माणसं आपापली कामं टाकून बघायला जमली होती. एकाने तर आपल्या म्हातारीला पाठीवर घेऊन आणलं होतं.

त्या गर्दीत दयाराम उभा होता. दयाराम उरणकडचा कोळी, भगवानचा शाळेपासूनचा दोस्त. मासळीची होडी घेऊन तो पनवेलच्या बंदराला यायचा. त्याने पाट्या खाली ठेवल्या आणि बराच वेळ तो प्रकार बघितला.

"तुमी लोक उचलाउचली फार करता," तो म्हणाला. "आमी होडी कंदी उचलतो काय? वहटीला ती चिखलात बसते, तवा काम करून घ्यायचं. भरती आली की आपणच उठते."

"माज्या फटफटीला कुटली भरती?"

"फटफटी माज्या होडीवर आडवी ठेव. एक चाक या बाजूला बाहेर, एक त्या बाजूला. मदी पोट उघडं. तू होडीत बस, नट तुज्या डोक्यावर. आता सांग, तुज्या डेपोत याच्यापरीस काय निराळं व्हतं?"

भगवानने दयारामला मिठीच मारली. दयारामच्या अंगाला मासळीचा वास येत होता, भगवानच्या अंगाला पेट्रोलचा, आणि दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

रविवारी पौर्णिमा होती. पहाटे सहाला खाडीचं पाणी पार ओसरलं होतं आणि बंदरावर दयारामची होडी चिखलात घट्ट बसली होती. होडीवर आडवं टाकायला काहीतरी भक्कम हवं होतं. दयारामने आपली दोन्ही वल्ही दिली. बंदरावरच्या चार हमालांनी हो-हो करत फटफटी उचलून वल्ह्यांवर ठेवली. ती हलू नये म्हणून बांधायला मजबूत दोर हवा होता. दयारामने नांगराचा दोर सोडून दिला आणि स्वतःच्या हाताने कोळी गाठी मारल्या. दोस्ती म्हणजे दोस्ती.

आणि काय सांगावं, डेपोतल्या लिफ्टने मान खाली घालावी असं काम झालं! भगवान होडीच्या पोटात मांडी घालून बसला. नट समोर, हात मोकळे, फटफटी जागची हलत नाही. पाव तासात नट आवळून झाला. नवं ऑइल भरलं, एक थेंब गळेना. "दया, बग! बग रे! कोरडी!" भगवान दर दोन मिनिटांनी इंजिनाखाली बोट फिरवून दयारामला दाखवत होता. आता एवढी वर आलीच आहे तर चेनही साफ करू, असा मोह त्याला झाला. चेन काढली, घासली, वंगण लावलं, चढवायला घेतली, आणि तिची जोडकडी हातातून निसटून होडीच्या तळाशी गेली.

तळाशी मासळीचे खवले होते. हजारो खवले, आणि त्यांत एक कडी. दोघं गुडघ्यांवर बसून शोधू लागले. हातात येईल ती चकाकणारी वस्तू खवलाच निघे. वेळ किती गेला याचा दोघांनाही पत्ता नव्हता. शेवटी कडी सापडली ती दयारामच्या धोतराच्या निऱ्यांत. ती बसवून चेन ताणून झाली तेव्हा भगवानला जरा गरगरल्यासारखं वाटलं.

"दया, पेट्रोल डोक्यात गेलं वाटतं. सगळं हलतंय."

"मला तर आता कुटं बरं वाटतंय," दयाराम म्हणाला. होडी हलत नसली की त्यालाच चुकल्यासारखं होई. मग तो स्वतःच दचकला. दोघांनी काठावरून मान वर काढली. बंदर मागे राहिलं होतं. उधाणाच्या भरतीने होडी उचलली होती आणि फटफटीसकट खाडीत आत चालवली होती.

"नांगर टाक!" भगवान ओरडला.

"दोर कुटं हाय?"

भगवानने वर पाहिलं. दोर फटफटीला चार ठिकाणी बांधलेला होता.

"मग वल्हव की!"

"वल्ही कुटं हायत?"

भगवानने पुन्हा वर पाहिलं.

"काढू वल्ही?" दयारामने विचारलं.

"काढलीस तर फटफटी तळाला जाईल!"

"मग नको काढू?"

"मग आपण कुटं जाऊ?"

"भरती नेल तिकडं," दयाराम म्हणाला. कोळ्याच्या जातीला हे उत्तर पुरेसं होतं, भगवानला नव्हतं. कारण तेवढ्यात लांबून शर्यतीच्या खालूबाजाची ढोल-सनई ऐकू आली. भरती त्यांना माळाकडेच नेत होती. काठावर लाल निशाण फडकत होतं, आणि पार दूर, माळाच्या दुसऱ्या टोकाला, माणसांची गर्दी आणि बुधाजीचा छकडा दिसत होता. दहा वाजायला आले होते. होडी खाडीच्या मधोमध गिरक्या घेत चालली होती आणि पाच मिनिटांत ती माळ ओलांडून पुढे जाणार होती. भगवानच्या डोळ्यांसमोर भंगारवाल्याचा हातोडा उभा राहिला आणि तो रडायच्या बेतात आला.

मग त्याची नजर मागच्या चाकाकडे गेली. ते होडीच्या बाहेर, पाण्यापासून चार बोटांवर लोंबत होतं.

"दया! त्या बाजूच्या काठावर बस. जोरात बस!"

दयाराम बसला. होडी कलली. चाक पाण्यात बुडालं. भगवान फटफटीवर चढला आणि लाथ मारली. एक. दोन. तिसऱ्या लाथेला फटफटीने असा काही आवाज केला की तिवरांतले सगळे बगळे एकदम उडाले. भगवानने गियर टाकला. चाक फिरलं, मागे पाण्याचा माणूसभर उंच फवारा उडाला, आणि होडी चालू लागली. आडवी! चिंबोरीसारखी, सरळ बाजूला!

"चालली! दया, चालली!"

"उलटी चालली!" दयाराम फवाऱ्यातून ओरडला. खरंच, गिरकीत फटफटीचं तोंड पलीकडच्या काठाकडे झालं होतं. पुढचं चाक तिवरांच्या झाडीत घुसलं, झाडीने ढकललं, होडीने अर्धी गिरकी घेतली, आणि आता तोंड बरोबर निशाणाकडे आलं. "आता सोड!" दयाराम नाचायलाच लागला असता, पण त्याला जागचं उठायची परवानगी नव्हती.

माळावर इंजिनाचा आवाज पोचला. "आला, आला भगवान!" गर्दी ओरडली आणि सगळ्या माना बंदराच्या रस्त्याकडे वळल्या. तुळशीरामशेठही रस्त्याकडेच बघत होते. आवाज इतका जवळ म्हणजे फटफटी आता येतेच आहे, असं समजून त्यांनी हातातला रुमाल खाली टाकला. बुधाजीने कासरा सैल सोडला आणि पाखऱ्या-मोगऱ्या सुटले.

धावते बैल निशाणाजवळ कुणाचं ऐकत नाहीत, म्हणून त्या टोकाला कुणी उभं राहत नसे. सगळी गर्दी मागे, आणि तीही रस्त्याकडे तोंड करून. सगळ्या माळावर खाडीकडे बघणारा माणूस एकच होता. छकड्यावर उभा असलेला बुधाजी. आणि त्याला समोर जे दिसलं त्याने त्याचा कासराच हातातून सुटायची वेळ आली. खाडीच्या पाण्यातून, पांढऱ्या फवाऱ्यात, त्याच्या पोराची फटफटी सरळ काठाकडे येत होती. होडीचा काठ पाण्याला टेकला होता, आणि वरून कोसळणाऱ्या फवाऱ्यात बाकीचं सगळं, दयारामसकट, झाकून गेलं होतं.

काठाला चाक लागलं तसा दयारामने दोराचं टोक ओढलं. कोळी गाठ एका हिसक्यात सुटली. फटफटी वल्ह्यांवरून घरंगळत पुढे सरकली, मागच्या चाकाने होडीच्या काठावर पाय दिला, एक वल्हं कडकन मोडलं, होडी पालथी झाली, दयाराम खाडीत गेला, दोघांनाही भरतीने तिवरांआड नेलं, आणि भगवान फटफटीसकट माळावर आला. चिखल, गवत, पुन्हा चिखल. डावीकडून बैल, उजवीकडून तो. पाखऱ्याचं शिंग निशाणापासून हातभर दूर होतं तेव्हा फटफटीने निशाणाला धडक दिली आणि त्याच्यासकट आडवी झाली.

लोक धावत आले. गवतात निशाण पडलेलं, त्याच्यावर फटफटी, आणि शेजारी नखशिखांत चिखलाने माखलेला भगवान. तुळशीरामशेठ धापा टाकत होते. "तू आलास कुटून? रस्त्यावर तर आमी सगळे बगत व्हतो!"

भगवान तोंड उघडणार एवढ्यात बुधाजी छकड्यावरून उतरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"खाडीतून आला," तो म्हणाला. "माज्या या डोळ्यांनी बगितलं. पोहत आली ती. पाणी कापत आली. पाखऱ्यासुद्धा असा पोहत नाय कंदी." त्याने फटफटीच्या टाकीवर हात ठेवला आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला. "हे जनावर मी इकायला निघालो व्हतो!"

लोक हसले. तुळशीरामशेठ सगळ्यांत जास्त हसले. भगवानने पुन्हा तोंड उघडलं, पण बाप त्याच्याकडे बघत होता. पाच वर्षांत पहिल्यांदा तो फटफटीबद्दल असं काही बोलला होता, आणि सगळा गाव त्याला खोटा पाडत होता. आता होडीचं नाव घ्यायचं तर बापाला गावासमोर खुळा ठरवायचा. भगवानने तोंड मिटलं.

"बैल हरले," बुधाजी म्हणाला आणि धोतर आवरून मागच्या सीटवर बसला. भगवानच्या कंबरेला त्याने दोन्ही हातांनी घट्ट विळखा घातला. भगवानचं ऊर असं भरून आलं की त्याला गियर सापडेना. बाजारातून जाताना बुधाजी दुकानादुकानापुढे फटफटी थांबवायला लावून पाण्याची हकिगत सांगत होता. प्रत्येक दुकानात खाडी थोडी आणखी रुंद होत होती. शेवटच्या दुकानापुढे तुळशीरामशेठ उभे होते. बुधाजी उतरून त्यांच्याशी तावातावाने काहीतरी बोलला, हातावर हात मारला, आणि हसत परत येऊन बसला.

"काय झालं, बाबा?"

"कुटं काय! शेठला पटत नव्हतं. आता पटंल. फुडच्या रविवारी त्यांच्या म्हशी आणि आपली फटफटी, खाडीच्या या काठावरून त्या काठावर. पाखऱ्या-मोगऱ्या लावले मी पैजेला."

"बैल लावलेस?" भगवानने गर्रकन मागे वळून विचारलं.

"मग? मी काय खोटं बगितलं?"

घरी पोचले तेव्हा दयाराम अंगणात पेरूखाली ओल्या कपड्यांनी बसला होता. हातात मोडकं वल्हं होतं. भगवानने त्याला कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. दयारामने डोकं खाजवलं, खाडीकडे बघितलं, मग फटफटीकडे बघितलं.

"मग फटफटी परत लिफ्टवर चढवली पायजे," तो हळूच म्हणाला. "होडी चालंल?"

ओटीजवळून बुधाजीचा आवाज आला. पाखऱ्याचं अंग चोळता चोळता तो सोनाबाईला सांगत होता, "आणि शेठला मी बजावलंय, पाण्यात एकसुद्धा होडी दिसता कामा नये. आमच्या फटफटीला कुणाचा टेकू लागत नाय!"